भुजंगचा कॅल्क्युलेटर

देविका सोमवारच्या प्रॅक्टिकलला नापास होणार, हा घोर काही केल्या कुसुमच्या मनातून जात नव्हता. भाजी चिरताना तोच, पोळ्या लाटताना तोच.

पोरगी लातूरला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटर शिकत होती. माऊस आणि कीबोर्डवर चालणारा एक छोटा प्रोग्राम करून दाखवायचा होता. कॉलेजात त्याची रीतच पडून गेलेली. वरच्या वर्गाकडून पेनड्राइव्हमध्ये एक कॅल्क्युलेटर यायचा, सगळे तोच दाखवायचे. कधीकाळी कुणा भुजंगनं तो लिहिला होता. अजूनही प्रत्येकाच्या स्क्रीनवर वर ‘भुजंग’ हेच नाव झळकायचं, आणि सर बिनदिक्कत मार्क द्यायचे.

देविकानं केली ठिपक्यांची रांगोळी. एका ठिपक्यावर माऊस दाबायचा, ओढत दुसऱ्यापर्यंत न्यायचा, की रेघ पक्की. कीबोर्डचं अक्षर दाबलं की रंग बदलतो.

दिवाळीत ती नांदेडला आली तेव्हा तिनं माऊस आईच्या हाती दिला. कुसुमचं बोट मध्येच उचललं गेलं आणि रेघ गायब झाली.

“हे काय गं? चिमूट संपली म्हणून कुणी रेघ पुसतं का? परत चिमूट भरायची, तिथूनच पुढं.”

“आई, माऊस सोडला की संपलं, असं लिहिलंय मी.”

“मग चूक लिहिलंयस.”

देविका खळखळून हसली आणि लॅपटॉप घेऊन बसली. संध्याकाळपर्यंत रेघ जिथं सोडली तिथंच थांबायला शिकली.

सुट्टीनंतर सरांनी मात्र ती रांगोळी उघडूनही पाहिली नाही. “रांगोळ्या घरी काढा. सगळ्यांचं एकसारखं पाहिजे, नाहीतर मार्क विसरा.”

कुसुमचा नवरा अंबरीश म्हणाला, “तिला म्हणावं, लई शहाणपणा नको. दाखव तो भुजंग अन् हो मोकळी.”

दुपारी देविकाचा मेसेज आला: ‘आई, भांडून थकले. कॅल्क्युलेटरच दाखवते. पप्पांना सांग.’

घोर मिटायला हवा होता. उलट कुसुमच्या अंगाचा तिळपापड झाला.

“झालं की आता! पास होईल पोरगी,” अंबरीश म्हणाला.

“भुजंग होईल पास. माझी पोरगी नाही.”

“अन् नापास झाली तर?”

“बसेल पुन्हा. त्यात काय!” घोर होताच, तरी शब्द तिनं मागं घेतला नाही.

पदराला हात पुसून तिनं फोन उचलला. सरांशी नंतर पाहू. आधी देविकाला लावायचा, आणि तिच्या ‘हॅलो’ची वाट न बघता सांगायचं: तो पेनड्राइव्ह ज्याचा त्याला परत कर.