तात्यांच्या ताटात टर्की

"वहिनी, या रविवारी याच! तात्यांनी माज्या टर्कीचा एक घास तरी खाल्ला पायजे, न्हाईतर माजं काय खरं न्हाई." फोनवर माझा दीर, सागर. मी लगेच हो म्हटलं. खाण्याच्या आमंत्रणाला नाही म्हणणं माझ्या स्वभावातच नाही.

सागरने कंपनीतली नोकरी सोडून वरवे गावात शेड घेतली आणि टर्की पाळल्या. गावी वेल्ह्यात राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, त्यांना बघताक्षणीच 'गिधाडं' म्हणून टाकलं. भोरच्या बाजारात गिऱ्हाईक आधी विचारायचं, "तुजा बाप खातो का रं?" आणि सागर खोटं बोलण्यात अगदीच ढ. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर पाखरं विकून गुमान कंपनीत जायचं, अशी तात्यांची तंबी होती.

रविवारी सकाळी मी आणि नवरा, महेश, कात्रजचा बोगदा ओलांडून वरव्याला पोचलो. सागरने एक दांडगा नर पाटीत घालून मागच्या सीटवर ठेवला आणि स्वतः त्याच्याशेजारी बसला. चेलाडी फाट्यावर मिसळ खायला थांबलो, तर गाडीतून असा काही कलकलाट सुरू झाला की हॉटेलवाला बाहेर आला. "पावनं, गाडीत कोन कोंडलंय?" सागर म्हणाला, "जेवन हाय." पुढे वेल्ह्याचा रस्ता वळणावळणाचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी मिसळ बेतानं खावी. एसटीनं येणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या, नाहीतर मुक्काम पडतो.

घरी पोचलो तर सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "ह्ये विलायती पाखरू माज्या चुलीवर न्हाई." मग अंगणात तीन दगड मांडले. पाखरू कापून झाल्यावर कळलं की घरातल्या पातेल्यात निम्मंच मावतंय. शेजारून भंडाऱ्याचं पातेलं आणलं. खोबरं-कांदा भाजून वाटलं, काळा मसाला घातला आणि गावरान कोंबड्याच्या अंदाजानं निवांत बसलो. तिथंच फसलो! दुपार कलली तरी तंगडी दगडासारखी. सागरचं तोंड एवढंसं झालं.

सासूबाई लांबून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "सरका तिकडं. म्हाताऱ्या बोकडाला काय करतात ठावं न्हाई व्हय?" असं म्हणत त्यांनी अख्खी सुपारी रश्शात टाकली, वर झाकण ठेवून झाकणात पाणी ओतलं आणि तिथून हलल्याच नाहीत. दुपारचं जेवण दिवेलागणीला झालं, पण मटण बोटानं सुटत होतं.

तात्यांनी स्वतःपुरतं पिठलं मागितलं होतं. आम्ही भाकरी चुरून भुरके मारत होतो. ते पिठलं चिवडत होते. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, निस्ता रस्सा वाढ. फोड नगं." वाढला. थोड्या वेळानं, "येक फोड टाक." सागरचा घास हातातच राहिला. तात्यांनी फोड खाल्ली, हाड चोखलं आणि एकदम कडाडले, "सागऱ्या, अक्कल हाय का तुला?"

संपलं सगळं!

"शेतात नवं पीक आलं तर आदी भावकीत वानोळा जातो. मग आपुन खायचं. तुमी सरळ ताटावर बसलात? लाज न्हाई वाटत?"

पीक म्हणाले! गिधाड नाही, पीक. सागर उठला तो डोळे पुसतच. सासूबाईंनी वाट्या भरल्या आणि तात्या स्वतः त्या झाकून घरोघरी घेऊन गेले. प्रत्येक ओट्यावरून त्यांचा आवाज येत होता, "आमच्या धाकट्याचं हाय, खाऊन बगा."

टर्कीची चव विचाराल तर गावरान कोंबड्याच्या जवळची, जरा राकट. घरी करणार असाल तर सकाळीच चूल पेटवा. पण खरं सांगू? सासरी मी पुष्कळ ओरडा ऐकलाय, इतका गोड कधी ऐकला नव्हता.

निघताना तात्यांनी आमच्याही हातात डबा दिला. पुण्यात पोचल्यावर मी तशीच समोरच्या काकूंची बेल वाजवली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "काय आहे गं हे?"

टर्की म्हणणार होते. तोंडातून निघालं, "आमच्या शेतातलं आहे, काकू."