नामदेवने बदललेल्या नळ्या

१९६४च्या मार्चमध्ये मी अकोल्याच्या एका बातमीतून नामदेव या मेकॅनिकचं नाव काढून टाकलं. संपादकांनी नाही, उपसंपादकांनी नाही — मी. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आधी बातमी सांगतो. छापून आली त्यात कुणाला खोटं वाटेल असं एकही वाक्य नव्हतं.

मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. हिवरखेडच्या बाजूला तलावाचं काम चालू होतं, माती वाहायला सरकारी डंपर होते. एवढ्या जड गाडीची चाकं नुसत्या हाताच्या जोरावर वळत नाहीत. स्टिअरिंगला तेलाचा दाब लागतो, आणि ते तेल गाडीच्या पोटाखालून रबरी नळ्यांतून जातं. डंपर वावरांतून ये-जा करत. कपाशीची पऱ्हाटी कापल्यावर जमिनीत वीतभर धसकटं राहतात. ती नळ्या फाडत. तेल गेलं की स्टिअरिंग जाम. असाच एक डंपर बांधावरून खाली गेला आणि ड्रायव्हरचा पाय मोडला.

नामदेव या डंपरांच्या अकोल्यातल्या सरकारी वर्कशॉपमध्ये होता, राहायला जुन्या शहरात. त्याने रबर काढून चॅसीच्या आतल्या अंगाने पोलादी नळी नेली. रबर ठेवलं ते फक्त चाकापाशी, हातभर, आणि त्यावर मोटेचं जुनं चामडं शिवलं. "पयले नळी नव्हती ते, बकऱ्याचं आतडं होतं," मी बातमीसाठी गेलो तेव्हा तो गाडीखालून म्हणाला. "लटकत राहे. आता धसकटाच्या बापाले सापडत नाई."

मी सगळं टिपून घेतलं. मग तो हात पुसत बाहेर आला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "शामरावचा पोट्टा ना तू? हिवरखेडच्या?"

होतो. नामदेव आणि माझे वडील छप्पन साली एकाच ट्रकमधून नागपूरला दीक्षेला गेले होते.

इथे थांबून एक सांगावं लागेल. मी कोणत्या समाजाचा, हे कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या आडनावाची माणसं सगळ्याच समाजांत आहेत. त्यावरून कळत नसे. विचारलं कुणी नाही, सांगितलं मी नाही — असं मी स्वतःशी म्हणत असे. पण विचारायची वेळ येऊ नये याची काळजी कोण घेत होतं?

वर्कशॉपमध्ये त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. मी हळूच हो म्हटलं. नामदेवला झालेला आनंद अजून आठवतो. "आपला पोट्टा पेपरात! मंग माह्यं नाव तं येईनच. फोरमनची जागा निंगून राहिली. कात्रण अर्जाले लावतो."

बातमी त्याच दिवशी लिहिली. त्याचं नाव दुसऱ्या वाक्यात होतं. मजकूर द्यायला उठलो आणि परत बसलो. महिनाभरापूर्वी आमच्या समाजातल्या एका विद्यार्थ्याच्या यशाची बातमी मी दिली होती, तेव्हा शेजारचा सहकारी म्हणाला होता, "काय हो, पाहुण्यांच्या बातम्या जोरात आहेत?" तो सहज बोलला होता. सगळे हसले. मीही हसलो — सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

मी पेन घेतलं. 'मेकॅनिक नामदेव यांनी' खोडून 'विभागाच्या अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली' लिहिलं. 'मोटेचं चामडं' खोडून 'संरक्षक आवरण' केलं. मिनिटभराचं काम. कुणी दबाव आणला होता का? नाही. अभियंत्यांनी सांगितलं होतं का? त्यांना मी भेटलोही नव्हतो.

चार दिवसांनी नामदेव रजा टाकून एस.टी.ने अमरावतीला आला. अंक घडी करून खिशात होता. कार्यालयाच्या दारात उभा राहून म्हणाला, "नाव नाई आलं, बापू."

मी म्हणालो, डेस्कवर कापलं.

"कोनं?"

एवढ्यावर थांबता आलं असतं. मी आतल्या टेबलाकडे बोट केलं. तिथे आमचे वयस्कर उपसंपादक मान खाली घालून प्रुफं वाचत होते. त्यांच्याकडे मजकूर गेला तेव्हा त्यात नाव नव्हतंच. माझ्या बोटाचा अर्थ नामदेवने जो लावायचा तो लावला. तो लावावा म्हणूनच मी बोट केलं होतं.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आत जाईल, बोलेल — आणि सगळं उघडं पडेल. तो गेला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाला, "तू काई बोलू नको त्याले. माह्यापायी तुही नवकरी जाईन. तू अंदर आहे, तेच लय झालं. टिकून राह्य."

मी मान हलवली. चहा विचारला नाही. दारातून लोक पाहत होते.

त्याने फोरमनच्या जागेसाठी अर्ज केला. कात्रण जोडलं नाही. जोडण्यासारखं त्यात काही नव्हतं. जागेवर दुसऱ्याची नेमणूक झाली. त्या उन्हाळ्यात तलावाच्या कामावरच्या सगळ्या डंपरांना नव्या पद्धतीच्या नळ्या बसवण्याचा आदेश निघाला. आदेशात नामदेवचं नाव नव्हतं; बातमीतलेच शब्द होते — 'विभागाच्या अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली'. नळ्या नामदेवने बसवल्या.