तळ्यात उभा, घसा कोरडा

"सिकलसेल," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मी दवाखान्यातल्या खाटेवरूनच त्यांना हात जोडले. पन्नाशीच्या तोंडाशी मला इंग्रजी नावाचा आजार मिळाला होता! तोवर आंबागडच्या बाजूला आमच्या गावात सगळे त्याला वातच म्हणत.

भंडाऱ्याला इलेक्ट्रोफोरेसिस झालं होतं, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी रक्ततपासणी. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडांत कळा उठतात. त्या कळांच्या झटक्याला क्रायसिस म्हणतात. मी ढिवर, मासे धरणारा. जाळ्यात अडकणं मला वेगळं समजवावं लागलं नाही.

"पाणी किती पिता?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, मी राहतोच पाण्यात."

"अंगाचं नाही, पोटाचं विचारते."

माझी बायको शेवंता उसळली. "सांगा नं जी! डोंग्यात पेयाचं पानी नेत नाई हे. मनतेत, एवढ्या तळ्यात उभा हाय, तहान कायची लागते!"

खरंच होतं. पहाटे डोंगा, म्हणजे आमची लहान होडी, घेऊन निघायचं, छातीभर गार पाण्यात उतरायचं आणि घसा दुपारपर्यंत कोरडा. तहान आणि गारठा, दोन्हींनी या कळा उठतात. आता उलटं करायचं होतं: पाणी पोटात भरपूर, गार पाण्यात उतरणं बंद. रक्त कमी म्हणून शेवंता मला लोहाचं टॉनिक पाजत होती, तेही थांबलं. रक्त कमी असलं तरी लोह कमी असतंच असं नाही, म्हणून ते तपासल्याशिवाय घेऊ नये. नव्या पेशी बनायला फॉलिक अॅसिडची गोळी मिळाली. जेवणात पालेभाजी, डाळ, मासळी.

औषधाच्या गुंगीत वॉर्डाचं छत हिरवं झालं. पंख्याभोवती मरळ फिरत होती, सलाईनच्या थेंबाथेंबाला कमळं हलत होती. "हळू चाला, जाळं पसरलं आहे," असं मी नर्सताईंना बजावलं. त्या बिचाऱ्या खरंच पाय उचलून गेल्या.

घरी आलो आणि ते तळंही गेलं. मी खाट भिंतीकडे फिरवली, खिडकीतून पाणी दिसायला नको म्हणून. ताटातली मासळी तशीच राही. डोंग्यावर गोष्टी सांगून लोकांना हसवणारा मी गप्प झालो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी माझं घटलेलं वजन बघून विचारलं, "भूक लागत नाही, की जेवावंसंच वाटत नाही?"

मी रडलो. चांगला मोठ्यानं. त्यांनी मला समुपदेशकांकडे पाठवलं. समुपदेशक म्हणजे मनाचं दुखणं ऐकणाऱ्या ताई. त्या म्हणाल्या, "या आजारात मनही खचतं. ते लपवू नका. आणि तळं सोडायला कोणी सांगितलं? पाण्यात उतरू नका, एवढंच."

आता ऊन वर आलं की मी स्वेटर घालून तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसतो, जाळी विणतो आणि गोष्ट सांगतो. धुकं विरतं, माणसं पाण्यातून सरकत जवळ येतात. ऐन रंगात आलो की थांबतो आणि बाटली तोंडाला लावतो.

माझा धाकटा भाऊ गणपत ओरडतो, "भाऊ, तिकडं मगर राजकन्येले गिळून राहिली, अन् तू पानी कायले पिऊन राहिला?"

"तू पेला का?"

डोंग्यातून बाटल्या निघतात. हा आजार आईबापांकडून येतो, म्हणून गणपतलाही मी तपासणीला नेलं होतं; त्याचं रक्त ठीक निघालं. तुमच्या घरात कोणाला असा वात असेल, तर त्याचंही रक्त तपासून घ्या, आणि तो हसतो का तेही बघा.

सगळ्यांच्या घशाखाली पाणी उतरेपर्यंत राजकन्या मगरीच्या जबड्यात असते. मग मी तिला सोडवतो.