मंदाताईंचा टब आणि तांदळाचं धुवण

मंदाताई गेल्या. आज सकाळी, बूट घालताना.

एक बूट पायात होता, दुसरा हातात. मागचं दार सताड उघडं.

मी शेजारी. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांना हाका मारत होतो. ॲम्ब्युलन्स गेल्यावरही एक मारली.

काल संध्याकाळी कुंपणापलीकडून विचारत होत्या, "काय श्रीकांतराव, विंटर टायर्स काढलेत? कसली घाई हो तुम्हाला? अजून एक स्नो येतोय!"

काल. संध्याकाळी.

त्या टबाकडेच निघाल्या असणार.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लहान मुलांच्या पोहण्याचा जुना प्लॅस्टिकचा टब, मागच्या अंगणात पुरलेला. त्यात दलदलीतली माती, वाळू, आणि घटपर्णी. पेल्यासारखी पानं. आत किडा घसरला की संपला.

कॅनडातल्या या रेजिना शहराच्या उणे पस्तीसमध्ये बाहेर. जुलैच्या पस्तीसमध्येही बाहेर.

"तुळस बेसमेंटमध्ये आणि ही बिचारी बर्फात?" माझी बायको म्हणायची.

"अगं, तुळशीला थंडी सोसत नाही. हिला थंडीतली झोप मिळाली नाही तर ही मरते," मंदाताई सांगायच्या.

आपण सगळे ड्राइव्हवे शोव्हल करून बर्फ बाजूला फेकतो. मंदाताई तो टबावर टाकायच्या. पांघरूण म्हणून.

उन्हाळ्यात फक्त पावसाचं साठवलेलं पाणी. नळाचं नाही. खताचं तर नावच नको.

तीन वर्षांपूर्वी टब माझ्यावर सोपवून त्या लेकीकडे हॅमिल्टनला गेल्या. ऊन मी म्हणत होतं. झाडं मला मरगळलेली वाटली. मग रोज तांदळाचं धुवण घातलं. माझी आई गुलाबाला घालायची, तसं.

अर्धी झाडं कुजली.

परत आल्यावर त्या टबाशी बराच वेळ उकिडव्या बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, यांना निकस मातीची सवय. म्हणून तर किडे खातात. लाड केले की जातात."

मला चहा दिला. पुन्हा विषय नाही.

मीही पुन्हा त्या टबाजवळ गेलो नाही.

आज दुपारी लेकीचा, रेवाचा, एअरपोर्टवरून फोन आला. आधी फ्लाइटची वेळ सांगितली.

मग ती म्हणाली, "काका, टब तुमचा. आईने खूप आधीच सांगून ठेवलंय."

"मला नको गं. मी अर्धा मारलाय तो."

"आय नो! मीपण तिला तेच म्हटलं. तर म्हणाली, म्हणूनच त्यांना दे. आता कुणी हातापाया पडलं तरी ते त्यात काही घालायचे नाहीत."

मला हसू आलं.

आत मंदाताईंच्या घरात माणसं जमली आहेत. मी मागच्या अंगणात, टबाशी उभा आहे. ऊन चांगलं आहे. हातात काही नाही.

बघतो मी टबाचं.

या आता, मंदाताई.