जावयाचा फिल्टर

तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या मास्तरांचा शब्द सगळे मानायचे, फक्त जावई सोडून. त्याने गाडीला बाहेरून आणलेला, तेल लावलेला एअर फिल्टर बसवला होता.

"बाबा, इंजिनाचा आवाज ऐका, कसला दमदार!"

त्या फिल्टरचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसायचं आणि गाडी चालता चालता बंद पडायची. मास्तरांनी दोनदा सेन्सर पुसून कंपनीचा साधा कागदी फिल्टर घातला, दोनदा जावयाने तो काढला. पालथ्या घड्यावर पाणी! जावयाला खडसावायची सोय नाही, म्हणून मास्तर नुसते दातओठ खायचे.

तिसऱ्यांदा गाडी चढावर बंद पडली, तेव्हा आत त्यांची सात महिन्यांची गरोदर लेक बसलेली होती. मागून येणारा ट्रक ऐनवेळी वळला, म्हणून ती वाचली.

गाडी गॅरेजमध्ये येताच मास्तरांनी तो फिल्टर काढला आणि पत्रा कापायच्या कातरीने उभा चिरला.

"जावईबापू, आजवर मान ठेवला. आता हा बसवून दाखवा."

जावई महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. गाडी मात्र एकदाही बंद पडली नाही.

"बाबा," लेकीने फोनवर सांगितलं, "हे म्हणतात, गाडीत आता पहिल्यासारखा दम नाही."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.