चार्जर आणि माझं भाषण

माझ्या बारशाला आईबाबांनी घुगऱ्यांबरोबर हुंड्याविरुद्धचं पत्रक वाटलं होतं. मी बारा दिवसांची होते, पण त्यातल्या शब्दन्‌शब्दाशी आजही सहमत आहे. त्यामुळे लष्कर भागातल्या मामाच्या वितरण कंपनीत कामाला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी पत्रक काढलं: ‘आपला साबण स्वच्छ, आपला धूर काळा!’

साबण आणि बिस्किटं दुकानोदुकानी पोचवायचं मामाचं काम, आणि ते करायचा डिझेलचा टेम्पो. मामाने पत्रक दोनदा वाचलं आणि बॅटरीवर चालणारा तीनचाकी लोडर आणला, पण बोलीवर.

“महिनाभर बघू. गाडी खराब निघाली तर परत. मग टेम्पोबद्दल तू अवाक्षर काढायचं नाहीस.”

“मंजूर,” मी म्हटलं.

पहिल्या दिवशी सकाळी ड्रायव्हरचाचांनी चाकांखाली लिंबं ठेवली, हार घातला. मग मी भाड्याने आणलेला माइक घेतला. पृथ्वीपासून सुरुवात केली.

“अगं, माधवगंजपर्यंतच जायचंय,” मामा म्हणाला.

शेवटी लिंबं चिरडत आम्ही निघालो. माधवगंजच्या अलीकडे, ऐन चढावर, लोडर थांबला. चाचांनी फोन काढला नि मला विचारलं, “टेम्पो मँगा लूँ? रस्सी से खींच लेगा.”

“डिझेलने? मेले तरी नाही!”

मी खाली उतरून ढकलू लागले. गळ्यातला हार मला त्रास देत होता. तो लोडरचा होता, पण वाऱ्याने उडून माझ्यावर आला होता. पानवाल्याने विचारलं, “चाचा, इसका इंजन कहाँ है?”

“पीछे है,” चाचा म्हणाले. “भाषण भी देता है.”

माल पोचला. परतीला लोडर पुन्हा ढकलत गोदामात आणला, तर मामा दारातच उभा.

“बैटरी ख़राब है, साहब,” चाचांनी सांगून टाकलं.

“मग उद्याच परत,” मामा म्हणाला.

माझी नजर भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे गेली. गोदामात एकच बोर्ड, आणि त्यात माझ्या माइकची पिन. आदल्या संध्याकाळी भाषणाची तालीम करायला मी लोडरचा चार्जर काढला होता. दोन तास तालीम केली आणि तशीच घरी गेले.

गप्प राहिले असते तर लाज वाचली असती. लोडर गेला असता.

“मामा, बॅटरी चांगली आहे. चार्जर मी काढला. भाषणासाठी.”

चाचा खाली बसून हसू लागले. मामाने शांतपणे माइकची पिन उपटली, चार्जर लावला. बारीकसा हिरवा दिवा लागला.

“लोडर राहील,” तो म्हणाला. “माइक परत.”

मी निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. हातानेच, कॉम्प्युटरला बोर्ड रिकामा नव्हता.