भिंतीपलीकडून खुडलेले शेंडे

"चाचा, अब्बा गेले," भिंतीपलीकडून गफूरभाईचा सलीम म्हणाला. आषाढातली सकाळ. मी अष्टरच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसल्तो. वर न बघताच इचारलं, "कुठं गेले?" मंग त्याच्या तोंडाकडं बघितलं...

मंठ्याला आमच्या गल्लीत गफूरभाईच्या अन् माझ्या अंगणात कमरेएवढी भिंत. बायको गेल्यावर बोलायला मला पलीकडचा हा एकच माणूस. जांभळ्या फुलाचं बारमाही अष्टर त्यांनीच निवडून दिलं. नवीन जालन्याच्या रोपवाटिकेत मी फुलानं भरलेली कुंडी उचलली, तर म्हणाले, "फुलं काय बघता दादाराव, बुडाशी फुटवे किती ते बघा. फुलं आजच्यापुरती." बिनफुलाची गबाळी कुंडी घेऊन मी गुरगुरत घरी आलो.

पोळ्यापर्यंत शेंडे खुडत राह्यचं, मंग झाड पसरतं अन् दसऱ्याला भरून फुलतं, हे त्यांचं म्हणणं. वाढत्या जिवाचा शेंडा मी मोडणार न्हाई, हे माझं. पहिल्या साली झाड छातीएवढं झालं, पावसात आडवं पडलं. दसऱ्याला फुलं चारदोन. गफूरभाई म्हणाले, "तुमच्यावरच गेलं. ताठ उभं राह्यचं, वारा आला की आडवं."

पुढच्या साली मी बाजाराहून आलो तर सगळे शेंडे खुडलेले. मी बोललो न्हाई, तेही न्हाई. तेव्हापासून दर श्रावणात बाजाराच्या दिवशी भिंतीपाशी जाऊन मी मोठ्यानं सांगायचो, "बाजाराला चाललो. दुपारपर्यंत येत न्हाई." पलीकडून नुसता खोकला यायचा. दसऱ्याला वाफा जांभळा व्हायचा अन् मी म्हणायचो, "बघा, न खुडता कसं फुललं."

"बराबर. बिलकुल बराबर," गफूरभाई म्हणायचे, तोंडावर जराही हसू न आणता.

सलीम आता घराला कुलूप लावून आपल्या नोकरीच्या गावी गेलाय. या आठवड्यात पिशवी घेऊन निघालो, भिंतीपाशी थांबलो अन् सवयीनं बोलून गेलो. दुपारपर्यंत येत न्हाई म्हणून. बाजारात घ्यायचं काही नव्हतं, तरी या टोकाहून त्या टोकाला फिरलो. मुद्दाम उशिरा आलो.

शेंडे तसेच होते. वाऱ्यानं हलत होते.

खाली बसून एक शेंडा चिमटीत धरला... अन् सोडून दिला. पोळ्याच्या आधी अजून एक बाजार हाय. जाताना भिंतीपाशी सांगून जाईन.